पेन्सिलीने लिहिलेले गुण

निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मी पहिल्यांदा बसलो, त्याला आता काही वर्षे लोटली. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो होतो. महाविद्यालय सांगली जिल्ह्यातले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मराठीच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा आणि अकरा उमेदवार. गुणपत्रके वाटताना अध्यक्ष सहज म्हणाले, "सर, तूर्त पेन्सिलीनेच लिहा."

त्या 'तूर्त'चा अर्थ मला संध्याकाळी कळला.

चौथा उमेदवार सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होता. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वर्गात कशी शिकवाल, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि धनगर माणदेशीत बोलतात. माझी आजी तसेच बोलते. मी मुलांना आधी संवाद मोठ्याने वाचायला लावतो. आटपाडीकडची मुले वाचतात तेव्हा वर्ग पहिल्यांदा त्यांचे ऐकतो." कादंबरी १९५५ सालची, तिच्याविषयी इतके जिवंत उत्तर मी क्वचित ऐकले होते. मी त्याला सर्वाधिक गुण दिले.

मुलाखती संपल्या, चहा आला, आणि 'संस्थेचा विचार' नवव्या उमेदवाराकडे असल्याचे सांगण्यात आले. टेबलावरून एक खोडरबर फिरले. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी ते हातात घेतले. शेवटची एसटी चुकेल, पुन्हा बोलावणार नाहीत, आपल्या एकट्याने काय होणार, असे सगळे विचार त्या अर्ध्या मिनिटात येऊन गेले. मी आकडे खोडले, नवे लिहिले, खाली पेनाने सही केली.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम मी नंतर सावकाश वाचले. महाविद्यालयांसाठीच्या त्या तक्त्यात अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा गुण आहेत. पण ते केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते. प्रत्यक्ष निवड मुलाखतीवरच, असे त्यात म्हटले होते. म्हणजे त्या तरुणाची सहा वर्षे त्याला दारापर्यंत आणून थांबली. आत सारा भरवसा आमच्या पेन्सिलींवर. गणपूर्तीच्या पाच सदस्यांत किमान दोन विषयतज्ज्ञ असलेच पाहिजेत, ही अट त्यासाठीच आहे. संस्थेच्या मनात काय आहे याचे ओझे नसलेला माणूस तिथे हवा. तो माणूस त्या दिवशी मी होतो.

कराडजवळच्या काले येथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. शेतकऱ्याकष्टकऱ्याच्या मुलाने शिकावे यासाठी या परिसराने केवढे कष्ट उपसले! त्याच घरांतला मुलगा आज एम.ए., नेट, पीएच.डी. होऊन आमच्यासमोर बसतो, आणि आपण त्याला खोडरबर दाखवतो.

आता कुठे बोलावणे आले की मी मुलाखतींपूर्वीच तीन गोष्टी मागतो. मुख्य चार प्रश्न सर्वांना सारखे असावेत. चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण पेनाने लिहावेत. बदल करायचाच असेल तर जुना आकडा दिसेल असा छेदून, कारण लिहून, सही करून करावा. एका अध्यक्षांना हे रुचले नाही. तिथून पुन्हा पत्र आले नाही. दुसऱ्या ठिकाणी एक ज्येष्ठ प्राध्यापिका हळूच म्हणाल्या, "बरे झाले तुम्ही बोललात." निकाल दर वेळी बदलतोच असे नाही. पण खोडायला कोणी तयार होत नाही, कारण कारण लिहावे लागते.

गेल्या वर्षी कराडच्या एका चर्चासत्रात तो चौथा उमेदवार भेटला. अजून तासिका तत्त्वावरच होता. मी ओळख टाळण्याच्या बेतात असताना तोच पुढे आला आणि म्हणाला, "सर, त्या दिवशी 'बनगरवाडी'वरचा प्रश्न तुम्ही फार चांगला विचारला होता."

मला उत्तर देता आले नाही.