पोळा, पर्युषण आणि राहून गेलेली एक क्षमापना

या मासिकाच्या समाजवार्ता सदरासाठी आमच्या गावाची बातमी मी गेली पंचवीसेक वर्षे पाठवीत आलो आहे. पर्युषण आटोपले की एक कोरा कागद घ्यायचा आणि लिहायचे, ‘येथे पर्युषण महापर्वाची आराधना मोठ्या उत्साहात व धर्ममय वातावरणात संपन्न झाली.’ त्यापुढे तपस्व्यांची संख्या, स्वप्नांच्या बोलीचे लाभार्थी, जीवदयेसाठी जमलेला निधी, आणि शेवटी सकल संघाच्या वतीने मिच्छामि दुक्कडम. मागील महिन्यात दुकानातील जुने कपाट आवरताना या बातम्यांची कात्रणे हाती लागली. त्यांपैकी एक वाचताना मात्र माझा हात थांबला. त्या कात्रणात जे छापले आहे ते सारे खरे आहे. परंतु त्या वर्षी आमच्या गावी जे खरोखर घडले, त्यातले काहीही त्यात नाही. ते आज लिहावे असे वाटते.

आमचे गाव वैनगंगेच्या खोऱ्यात, वडशाहून तासाभराच्या अंतरावर. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोपर्यंत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातच होतो, आणि गावातील वृद्ध मंडळी चंद्रपूरला अजूनही चांदाच म्हणतात. माझे आजोबा धान, मोहफूल आणि हिरड्याच्या व्यापारासाठी या मुलखात आले. समाजाची मोजकीच घरे. दुकानांच्या मागे एक लहानसे घरदेरासर आणि त्याला लागून उपाश्रयाचे दालन. आम्ही वर्षातून एकदा पोष दशमीला भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थावर जातो, तेव्हा जिल्ह्याभरातील आप्तेष्ट एकत्र भेटतात. एरवी आमचे सोबती म्हणजे गावकरीच. दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून, घोंगडी घेऊन आम्हीही त्या मांडवात पहाटेपर्यंत बसत आलो आहोत.

आमच्याकडे चातुर्मासासाठी साधुभगवंतांचा योग क्वचितच येतो. त्यामुळे पर्युषणातील व्याख्यानाचे वाचन संघातील कोणीतरी एक जण करतो. ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी ते काम माझ्याकडे होते.

वाचकांना ठाऊकच आहे की पर्युषणाच्या पहिल्या तीन दिवसांत श्रावकाची पाच कर्तव्ये सांगितली जातात आणि त्यांतील तिसरे कर्तव्य क्षमापनेचे. त्या संदर्भात उदयन राजाची कथा येते. सिंधु-सौवीरच्या उदयनाने उज्जयिनीच्या चंडप्रद्योताला युद्धात जिंकून बंदी केले होते. परतीच्या वाटेवर दशपूर येथे संवत्सरीचा दिवस आला. उदयनाने बंदीवानाजवळ क्षमा मागितली, आणि मग त्याच्या ध्यानी आले की ज्याच्या पायात आपणच बेड्या घातल्या आहेत त्याच्याकडून क्षमा मागणे व्यर्थ आहे. त्याने आधी बेड्या तोडल्या, राज्य परत दिले. तेव्हा कुठे ती क्षमापना पूर्ण झाली. ही कथा मी तिसऱ्या दिवशी चांगल्या खणखणीत आवाजात वाचली. व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी वाचनाची प्रशंसा केली, आणि मला समाधान वाटले.

चौथा दिवस अमावस्येचा, कल्पसूत्र वाचनाच्या आरंभाचा. तिथीचा फेरफार नसला तर आमच्या भागात हाच पोळ्याचा दिवस असतो. आतमध्ये सूत्राची पूजा चाललेली असते आणि बाहेर तोरणाखाली बैल उभे राहून झडत्या म्हटल्या जात असतात. लहानपणी मला हा गोंगाट आराधनेत विघ्न वाटे. आमच्या घरात आईला ‘बा’ म्हणतात, ती म्हणे, “विघ्न कसले? आज त्यांचाही उत्सव आहे.” पोळ्याला आमच्या दारी येणाऱ्या बैलांना ती स्वतः ओवाळी, कपाळी कुंकू लावी आणि गूळ-पोळीचा घास भरवी. तिचा उपवास असला तरी यात खंड पडत नसे. कारण विचारले की ती आदिनाथ भगवंतांची गोष्ट सांगे. पूर्वभवात, खळ्यातील धान्य खाणाऱ्या बैलांच्या तोंडाला मुसके बांधण्याचा सल्ला त्यांनी दिला होता. त्या अंतराय कर्मामुळे दीक्षेनंतर त्यांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही आणि शेवटी अक्षय तृतीयेला हस्तिनापुरी इक्षुरसाने पारणे झाले. “तीर्थंकरांच्या जीवालाही जे चुकले नाही, ते आपल्याला चुकेल का?” एवढे बोलून ती पुढच्या बैलाकडे वळे.

आमच्या दारी येणाऱ्या जोड्यांत एक जोडी ठरलेली होती. दीड कोसावरच्या टोल्यावरून एक शेतकरी ती घेऊन येत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पांढऱ्या रंगाची ती जोडी मामांनी स्वतः लहानाची मोठी केलेली. त्यांच्या तीन एकरांतील धान वर्षानुवर्षे आमच्याच दुकानी येई, आणि रोवणीच्या वेळी लागणारी उचलही ते आमच्याकडूनच नेत.

त्या वर्षी अमावस्येला दुपारी मामा आले, पण एकटे. अंगावर धुतलेला सदरा, हातात नुसती वेसण. बा पूजेचे ताट घेऊन दारात उभी होती. मामा म्हणाले, “बैल नाही जी यंदा. पन दरसालची वहिवाट हाये, मोडू नये म्हनून आलो.”

बाने ताटातील पोळी त्यांच्या हातावर ठेवली. ते पायरीवर बसून पाणी प्याले आणि गेले. बा माझ्याकडे वळली. “बैल कुठे गेले?” तिने विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

आदल्या हंगामात धानावर तुडतुडा पडला होता. उभे पीक चार-आठ दिवसांत जळाल्यासारखे झाले. मामांनी घरात खायला राहील एवढे सोडून बाकी सारे आमच्या दुकानी आणून घातले, तरी उचल फिटली नाही. जुन्या काळी या भागात धान सवाई-दिढीने देत. आमच्या वहीत तो शब्द राहिला नव्हता, परंतु रीत थोडीफार तीच होती. थकलेल्या व्याजाची रक्कम मुद्दलात मिळवायची आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचे. शिवाय ओलाव्याच्या नावाखाली पोत्यामागे दोन किलो वजा धरायचे, धान वाळलेले असले तरीही. ज्येष्ठात मी मामांकडे तगादा लावला. पावसापूर्वी खाते मिटले पाहिजे, असे सांगितले. त्यांनी बाजारात जोडी विकली, पैसे आणून दिले, आणि चिखलणीसाठी दुसऱ्याचे बैल भाड्याने घेतले. मी वहीत ‘खाते बेबाक’ असे लिहून रेघ ओढली. यात मला काही गैर वाटले नव्हते.

पाचवा दिवस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. आमच्याकडे महावीर जन्मवाचनाचा दिवस, आणि गावात तान्ह्या पोळ्याचा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी मुलांसाठी हा पोळा सुरू केला असे सांगतात. विदर्भात त्या दिवशी घरोघरची मुले लाकडी बैल सजवून बोजारा मागत फिरतात. दालनात त्रिशलामातेची चौदा स्वप्ने एकेक करून माळ्यावरून खाली उतरत होती. पहिले हत्तीचे, दुसरे वृषभाचे. त्या दुसऱ्या स्वप्नाची बोली मी घेतली होती. चांदीचा तो बैल दोरीने हळूहळू खाली आला, मी त्याला हार घातला, वाद्ये वाजली. त्याच वेळी दारापाशी गलका झाला म्हणून पाहिले, तर दहा-बारा मुले लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून उंबऱ्याबाहेर ओळीने उभी होती आणि आमच्या चांदीच्या बैलाकडे टक लावून पाहत होती. आमच्यापैकी कोणीतरी, आधी आतला कार्यक्रम होऊ द्या, असे सांगून दार लोटून घेतले. त्याच सभेत जीवदयेची टीप झाली. माझ्या नावावर चांगली रक्कम होती. कात्रणात ती छापलेली आहे.

आठव्या दिवशी संवत्सरी प्रतिक्रमण. माझा अठ्ठम होता. अतिचारांचे सूत्र आजवर कितीदा म्हटले असेल. पहिल्या व्रताच्या अतिचारांत मुक्या जीवांवर अतिभार लादणे आणि त्यांचे अन्नपाणी तोडणे येते. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटी तुळा आणि खोटे माप. त्या रात्री हे शब्द तोंडातून जाताना प्रथमच कानांवर पडले, आणि पोत्यामागचे दोन किलो आठवले.

पंचमीच्या सकाळी पारण्याचे मूग तयार होते. छापील क्षमापना पत्रांचा गठ्ठा टपालात टाकण्यासाठी बांधून ठेवला होता. मुंबई, नागपूर, रायपूर, अमरावती. दोनशेहून अधिक पत्ते, आणि त्यांतील बहुतेकांशी वर्षभरात माझे भांडण व्हायचेही कारण नव्हते. बाने गठ्ठ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “यात टोल्यावरचा पत्ता आहे का?” मग म्हणाली, “जाऊन ये. मूग थांबतील.”

मी गेलो. मामा अंगणात बांबूच्या कामट्या सोलीत बसले होते. त्यांनी लगबगीने बाज पुढे ओढली. मी हात जोडून म्हणालो, “माझ्याकडून आपल्याला दुःख झाले आहे. क्षमा करा.” मामा संकोचले. “माफी कायची जी, शेठ? घेतले होते, ते देले.” यानंतर काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. तेवढ्यात घरातून मामींचा आवाज आला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“माफी मांगाले आले, त वही काहून नाही आनली?”

मामांनी त्यांना गप्प राहण्याची खूण केली. मी मात्र उठलो, घरी आलो, वही घेतली आणि परत गेलो. त्या दिवशी बाजेवर बसून आम्ही चार वर्षांचे खाते पुन्हा मांडले. व्याजावरचे व्याज काढले, वजनातील तूट मिळवली. मामींना अक्षरओळख नव्हती. परंतु कोणत्या वर्षी किती पोती घातली हे त्यांना माझ्या वहीइतकेच पाठ होते, आणि एका ठिकाणी तर वही चुकलेली निघाली. जी रक्कम माझ्याकडे निघाली ती मी संध्याकाळच्या आत पोचती केली. पारणे दुसऱ्या दिवशी झाले.

ही हकिकत येथे गोड होऊन संपत नाही. त्या पैशांत एक बैल येत होता, दोन नव्हे. आणि ती पांढरी जोडी परत मिळावी म्हणून मी बाजारात चौकशी केली, तर घेणाऱ्याने ती आठवड्यातच पुढे विकली होती. पुढच्याने आणखी पुढे. ती कोठे गेली हे कळले नाही. जे कळले नाही त्याची शंका आजही मनातून जात नाही. ज्या पर्युषणात मी जीवदयेची टीप लिहिली, त्याच्या तीन महिने आधी दोन जीव माझ्या तगाद्यामुळे त्या वाटेला लागले असतील, ही गोष्ट कोणत्याही प्रतिक्रमणाने पुसली गेल्याचे मला जाणवलेले नाही. मामांनी पुढे भाड्याच्या जोडीनेच शेती केली. पोळ्याला ते येत राहिले, कधी भाड्याचे बैल घेऊन, कधी रिकाम्या हाताने. आता ते नाहीत. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो आणि धान आपल्या पसंतीच्या ठिकाणी विकतो, हे योग्यच आहे.

आमच्या संघातही आता घरे कमी झाली आहेत. मुले पुण्याला, नागपूरला स्थिरावली. यंदा चौदा स्वप्ने उतरवायला पुरेसे तरुण हात नव्हते, म्हणून शेजारच्या आळीतील दोन मुलांना बोलावले. त्या घटनेनंतर दोन गोष्टी मात्र आम्ही बदलल्या आणि त्या टिकल्या. जन्मवाचनाच्या दिवशी दालनाचे दार उघडे असते. लाकडी बैल घेऊन आलेली मुले आत येतात, वृषभाचे स्वप्न त्यांच्या देखत उतरते, आणि प्रभावना त्यांच्या हाती सर्वांआधी पडते. दुसरी गोष्ट दुकानाची: व्याजावर व्याज धरणे बंद केले, आणि संवत्सरीपूर्वी ज्याचे खाते असेल त्याला बोलावून वही त्याच्यासमोर उघडायची. यामुळे मी कोणी मोठा श्रावक झालो असे नाही. काही वर्षी चुका निघतात. त्या अजून निघतात, याची लाज वाटते आणि निघाल्याचे बरेही वाटते.

संपादक महोदय, यंदाची आमची वार्ता सोबत पाठवीत आहे. नेहमीप्रमाणे तपस्व्यांची नावे आणि बोलीच्या रकमा दिल्या आहेत. शेवटी एक ओळ अधिक आहे: पंचमीच्या दिवशी सात शेतकऱ्यांच्या घरी वही घेऊन जाऊन क्षमापना केली. जागा अपुरी पडल्यास बोलीच्या रकमा गाळाव्यात, ही नम्र विनंती.