एलीयाची भाकर आणि गोळ्यांची डबी



मागे एका बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्याबद्दल आज लिहायचे आहे. बरेच दिवस लिहू की नको असे चालले होते. शेवटी भेटसेवेच्या आम्ही सहाही जणांनी ठरवले की चूक आपल्या सगळ्यांची आहे, तर ती मिळूनच कबूल करावी.

साक्षीची वेळ होती. आमच्यातली एक बहीण उभी राहिली. नवरा जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालेले. त्यानंतर तिला निराशेच्या आजाराने गाठले आणि आठ-नऊ महिने डॉक्टरांची गोळी चालू होती. ती म्हणाली, "प्रभूने मला बरं केलंय. कालपासून मी गोळ्या बंद केल्या, पाकीट कचऱ्यात टाकून दिलं." सभेत हालेलूयाचा गजर झाला. आम्ही पहिल्या बाकावर होतो, आम्हीच सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना विचारलेस का, एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही.

रविवारी ती उपासनेला आली नाही. दुपारी घरी गेलो तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसतो, उठले की घेरी येते, मळमळते, रात्री भयंकर स्वप्ने पडतात, असे सांगत होती. मुलीवर ओरडायची आणि मग स्वतःच रडायची. आम्ही काय केले? सैतान विश्वासाची परीक्षा पाहतोय, असे तिला सांगितले, प्रार्थना केली, चहा घेतला आणि आलो. तिने आमचा हात धरून विचारले होते, "माझा विश्वास कमी पडला का हो?" आम्ही तिला नीट उत्तरसुद्धा दिले नाही.

आमच्या गटात नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आहेत. त्या तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. मंगळवारी परत आल्यावर आम्ही त्यांना सगळे सांगितले, तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, यात सैतान कुठून आणलात? गोळी एकदम तोडली की असंच होतं. चला, आत्ता रिक्षा बोलवा." डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली. दोन-तीन दिवसांत डोक्यातले झटके थांबले. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत, आमच्याकडे मात्र चष्म्यावरून पाहिले.

त्यानंतर आम्ही सिस्टरांकडून आणि डॉक्टरांकडून शिकत गेलो. या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही, मात्रा वाढवतच नेली पाहिजे असेही नसते. पण मेंदूला त्यांची सवय होते, आणि आधार एकदम काढला की तो कोलमडतो. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी औषधे अंगातून लवकर उतरतात, म्हणून ती तोडल्यावर त्रास अधिक होतो. फ्लुओक्सेटिन हळूहळू उतरते, म्हणून तिचा कमी. कोणतीही असो, सोडायची झाली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत, कधी कधी कित्येक महिने घेऊन. शिवाय बरे वाटू लागल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार उलटतो. बरे वाटले म्हणून गोळी फेकणे म्हणजे भिंत उभी राहिली म्हणून ओली असतानाच परांची काढण्यासारखे.

पवित्र शास्त्रात यासाठी आधार शोधायला फार लांब जावे लागले नाही. १ राजे १९ व्या अध्यायातला एलीया घ्या. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेलीच्या एका निरोपाने खचतो, रतामाच्या झुडपाखाली जाऊन बसतो आणि आता मला मरू दे म्हणतो. देव त्याच्यावर रागावत नाही, त्याच्या विश्वासाचे माप काढत नाही. देवदूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. एकदा खाऊन भागले नाही, दुसऱ्यांदाही खावे लागले, हे आम्ही इतकी वर्षे वाचूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया अंजिरांचा लेप लावायला सांगतो तेव्हाही आम्हांला संकोच वाटत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आम्ही अविश्वासी म्हणत नाही. मनाच्या गोळीचीच लाज का वाटावी?

पण म्हणून गोळी म्हणजे प्रसादाचा पेढा नव्हे. तिच्यात धोका आहे, आणि तो आम्ही दुसऱ्या एका घरात पाहिला.

कॉलेजात जाणारा मुलगा, वय एकोणीस. गोळी सुरू होऊन दहा दिवस झालेले. आई आनंदाने सांगत होती, "आधी दिवसभर पडून असायचा, आता बघा, सारखा हिंडतोय." खरेच तो हिंडत होता. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बसला की लगेच उठायचा, पाय हलवायचा, हात चोळायचा. रात्री झोप नाही. आम्हांलाही वाटले, चला, तरतरी आली. सिस्टर मात्र त्याच्याबरोबर व्हरांड्यात चालू लागल्या. चालता चालता त्यांनी सरळ विचारले, "बाळा, जीव नकोसा होतो का? मरून जावंसं वाटतं का?" आम्ही दचकलो. असे कोणी विचारते का! तो थांबला आणि म्हणाला, "हो सिस्टर. आधीपेक्षा जास्त. अंगातनं बाहेर पडावंसं वाटतंय."

त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेले. औषध बदलले. त्या आठवड्यात त्याला एकटे ठेवले नाही. रात्रीच्या पाळ्या आमच्या तरुण संघातल्या मुलांनी वाटून घेतल्या, कॅरम खेळत बसायचे. आज तो बरा आहे, आणि हे लिहायला त्यानेच आम्हांला परवानगी दिली आहे.

सिस्टर म्हणतात, असा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात मरणाचा विचार शिरत नाही. तो आधीच तिथे असतो, विचारल्याने त्याला बाहेर यायला दार मिळते. २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली. मुलांवर आणि किशोरांवर झालेल्या २४ चाचण्या, चार हजारांहून अधिक मुले, त्यांचा हिशेब मांडला तेव्हा खरी गोळी घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी वागणूक शंभरात चौघांना आढळली, नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरात दोघांना. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव दिला नाही, हेही लक्षात ठेवावे. २००७ मध्ये ही सूचना २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली. ६५ च्या पुढच्या माणसांत उलट हा धोका घटलेला दिसला. आणि आजार तसाच सोडला तर त्यातही जिवाला धोका असतोच, म्हणून घाबरून औषध नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. पहिले काही आठवडे आणि मात्रा वाढवली-घटवली ते दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून जागायचे.

असे का होते, हे डॉक्टरांनी आम्हांला सोप्या शब्दांत सांगितले. मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ. पण काहींच्या अंगात शक्ती आधी येते आणि मन मागे अंधारातच राहते. काहींना गोळीनेच ती तळमळ सुरू होते, एका जागी बसवत नाही. म्हणून नवी बेचैनी, झोप उडणे, चिडचिड, धास्तीचे झटके, उतावीळपणा, किंवा वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी फोन करायचा.

आणखी एक खूण आहे, ती आपल्या मंडळ्यांत तर हमखास फसवते. खानापूरकडच्या एका कुटुंबात गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत माणूस एकदम उजळला. रात्री दोन तास झोप, तरी थकवा नाही. एका दिवसात चाळीस जणांना फोन, प्रभूने मला सगळ्या जगासाठी निवडले आहे, असा संदेश. दुकानाचे पैसे काढून माईक आणि स्पीकर आणले. लोक म्हणाले, संजीवन आले. त्याला तिथल्या रविवारच्या सभेत बोलायलाही बोलावले होते. खरे तर त्याला दोन टोकांचा आजार होता, आणि नुसती निराशेची गोळी दिली की अशा माणसाचे मन दुसऱ्या टोकाला झुकू शकते. आत्म्याचा आवेश आणि हा आजार यांतला फरक ओळखणे आम्हांला अजूनही अवघड जाते. झोप किती झाली, हे मात्र आता आम्ही आधी विचारतो.

म्हाताऱ्यांची गोष्ट निराळीच. एका आजींना महिनाभर गोळी चालू होती, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासूनच. त्या बरळू लागल्या, तोल जाऊन न्हाणीत पडल्या. घरचे म्हणाले, वय झाले. रक्त तपासले तर सोडियम फार उतरलेले. या दोन गोळ्या एकत्र आल्या की वयस्कांत असे होऊ शकते. डोके दुखणे, गोंधळणे, पाय लटपटणे दिसले की वयावर ढकलू नये, तपासणी करून घ्यावी. आजींच्या बाबतीत दुसरीही अडचण होती. पाकिटातली चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या दुकानातला मुलगा कानडीत सांगणार, आणि आजींना मराठीखेरीज काही कळत नाही. आमच्या बेळगावात हे घरोघरी आहे. म्हणून आता भेटीला जाताना आम्ही वही नेतो आणि कोणती गोळी, कशासाठी, केव्हा, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून डबीला चिकटवतो.

त्या वहीत बाकीची औषधेही लिहितो, कारण खरी गडबड तिथे होते. कंबर दुखते म्हणून शेजाऱ्याने दिलेली ट्रॅमॅडॉल, खोकल्याच्या काही औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, हट्टी क्षयरोगावरचे लिनेझोलिड, ही निराशेच्या गोळीबरोबर गेली तर अंगात सेरोटोनिन नको इतके वाढू शकते. घाम, थरथर, जुलाब, ताप, छातीत धडधड, स्नायू ताठरणे, भ्रम, असे बहुधा एका दिवसाच्या आतच सुरू होते आणि तेव्हा तडक दवाखान्यात नेणे, एवढेच करायचे असते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन सोबत असतील तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच दाखवावे. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदयालाच धरतात, म्हणून महिनाभराचा साठा रुग्णाच्या उशाशी ठेवू नये. घरातल्या एकाने कुलपात ठेवून रोजची रोज द्यावी. नाताळातली घरची वाईनही बेताने नव्हे, शक्यतो नाहीच.

लेंटच्या दिवसांत उपास धरणारे गोळीही सोडतात, हे आम्हांला उशिरा कळले. या वर्षी पाळकसाहेबांनी पुलपिटावरूनच सांगितले की पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही, आणि ज्यांना खाऊनच गोळी घ्यावी लागते त्यांनी खुशाल खाऊन घ्यावी. मागच्या बाकांवरच्या तीन-चार काकूंनी एकमेकींकडे पाहिले.

मंडळीच्या फळ्यावर आता १४४१६ हा आकडा लिहिलेला असतो. तो सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लावावा, आपल्या भाषेत बोलता येते. जिवावर बेतले असेल तर ११२, किंवा सरळ जवळचा दवाखाना.

आणि त्या बहिणीबद्दल. आम्ही सहाही जण तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिने चहा ठेवला, या वेळी आम्ही तो ओशाळून प्यायलो. दीड महिन्याने बुधवारच्या सभेत ती पुन्हा साक्षीला उभी राहिली. म्हणाली, "मी गोळी घेतेय, रोज रात्री जेवणानंतर. प्रभूचे आभार." क्षणभर कुणाला काय म्हणावे सुचेना. मग सिस्टर मागून म्हणाल्या, "आमेन," आणि सभा पुढच्या गीताकडे वळली.