ज्वालामुखीच्या तळ्यातली तारली

फिलिपिन्सची राजधानी मनिला. तिथून दक्षिणेला गाडीने दोनेक तासांत टागायटायचा डोंगर येतो. कड्यावरून खाली पाहिले आणि आम्ही दोघेही गप्प झालो. निळेशार तळे, तळ्यात बेट आणि बेटावर ताल ज्वालामुखी. तळ्याचा हा प्रचंड खड्डाही जुन्या स्फोटांनीच झालेला.

दुपारी खानावळीत कुरकुरीत तळलेले छोटे मासे पुढे आले. बेगम म्हणाली, “ही तर आपली तारली!” नाव ‘ताविलिस’, पण कूळ खरोखर तारलीचेच. मात्र आपली तारली समुद्रातली; ही गोड्या पाण्यातली, आणि जगात फक्त याच तळ्यात सापडणारी.

“पोटभर खा, मार्च-एप्रिलमध्ये मिळत नाही,” वाढणारा म्हणाला. ते विणीचे महिने. तेव्हा ताविलिसची पकड बंद असते.

पूर्वी या तळ्यातून समुद्राला मोकळी वाट होती. १७५४ च्या मोठ्या उद्रेकात राखेने आणि दगडांनी ती कोंडली; आता पान्सिपित ही चिंचोळी नदी तेवढी उरली आहे. तळ्याचे पाणी हळूहळू गोडे झाले, तरी ताविलिस टिकली. १२ जानेवारी २०२० रोजी ज्वालामुखी पुन्हा भडकला, तरीही ती संपली नाही.

आगीतून वाचलेल्या या माशाला आता माणसाचा धोका आहे. मोटारीच्या होड्या आणि बारीक आसाची जाळी पिल्लांसकट सारे उपसतात. पिंजऱ्यांत तिलापिया पाळतात. त्यांचे उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. बाहेरून आलेले शिकारी मासेही तळ्यात वाढले आहेत. ताविलिसची नोंद आता जगातल्या धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत झाली आहे.

बंदी पाळायची तर गरीब मच्छीमाराने दोन महिने खायचे काय? जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून बसणाऱ्या रत्नागिरीच्या दालदी बांधवांना हा सवाल समजावून सांगायला नको. पण विणीच्या वेळीच मासा धरला, तर पुढच्या साली जाळ्यात यायचे काय?

ताट रिकामे झाले होते. पुन्हा कधी मार्च-एप्रिलमध्ये इथे आलो आणि कुणी चोरून ताविलिस वाढली, तर हात लावायचा नाही, एवढे आम्ही तिथेच ठरवले.