बशीतला कापूस

पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलात, तर कपारीकपारींतून नेचे डोकावताना दिसतील. ना फूल, ना फळ. पानामागे तपकिरी ठिपके, एवढीच खूण. त्या ठिपक्यांत बीजाणू असतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण पानाच्या आत काय असतं?

कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण नेच्याच्या पानाच्या तुकड्यापासून नवं रोप वाढवायला निघालो होतो. पान छान हिरवंगार, निरोगी. ते आधी नळाखाली धुवायचं, मग स्पिरिटमध्ये आणि ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे वर चिकटलेले जंतू मरतात. शेवटी निर्जंतुक पाण्यात खळबळायचं, बारीक तुकडे करायचे आणि बशीतल्या आगरवर ठेवायचे. (आगर म्हणजे आईच्या डब्यातलं चायना ग्रास, बरं का!)

आठवड्याने पाहिलं, तर तुकड्यांच्या कापलेल्या कडांवर पांढरा कापूस. बुरशी! मी भडकलेच.

"तू हात धुतले नसशील."

"अगं, धुतले होते!"

पण ऐकतंय कोण? बश्या फेकल्या, पुन्हा मांडल्या, पुन्हा कापूस. मैत्रीण माझ्याशी बोलेनाशी झाली.

बाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "शेवटी ज्या पाण्यात पान धुतलंत, त्याचे चार थेंब वेगळ्या बशीत टाकून पाहिलेत का?"

नव्हते पाहिले. या वेळी टाकले. आठवड्याने पाण्याची बशी स्वच्छ आणि पानाच्या बशीत कापूस! म्हणजे बुरशी वरून आलीच नव्हती. ती पानातच राहत होती.

जर्मन शास्त्रज्ञ आन्टोन द बारी यांनी 1866 मध्येच झाडाच्या आत राहणाऱ्या अशा जीवांना 'एंडोफाइट' हे नाव दिलं होतं. पेशींच्या मधल्या फटींतून त्यांचे सूक्ष्म धागे पसरतात. झाडाकडून थोडं अन्न घेतात, पण पानावर ना डाग, ना रोग. नेच्यांतच नव्हे, गवतापासून मोठ्या झाडांपर्यंत त्या सापडतात. पान म्हातारं होऊन गळलं, की यातल्या काही बुरश्या तेच पान कुजवायला लागतात. आयत्या घरात आधीपासून बसलेल्या ना!

दोन्ही बश्या मी मैत्रिणीसमोर ठेवल्या. म्हटलं, "चुकले गं."

तिने पाण्याची बशी उजेडात धरून नीट निरखली. मग म्हणाली, "आता बश्या तू घासायच्या."

वर्षभर मीच घासल्या.