ऑग्डेनचं दुसरं गाव

शिकागोच्या इतिहास संग्रहालयात ‘पायोनियर’ नावाचं वाफेचं इंजिन उभं आहे. 1848 साली शहरातली पहिली आगगाडी यानेच ओढली. ती रेल्वे उभारणारा विल्यम ऑग्डेन हा शिकागोचा पहिला महापौर, 1837 मध्ये निवडून आलेला. पूर्वेकडचे धनिक पैसा देईनात, तेव्हा खेडोपाडी फिरून त्याने शेतकऱ्यांनाच भागधारक केलं. त्याआधी 1835 मध्ये मेहुण्याने विकत घेतलेली जमीन बघायला तो इथे आला, तेव्हा सगळीकडे चिखल होता. हा व्यवहार म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं त्याचं मत झालं. मग एक तृतीयांश जमीन विकून सगळी रक्कम वसूल झाली आणि तो शिकागोचाच होऊन राहिला.

पण ऑग्डेन मला नीट कळला तो पेश्टिगोत. मिशिगन सरोवराच्या कडेने उत्तरेला सुमारे 400 किलोमीटर गेलं, की विस्कॉन्सिनमधलं हे नदीकाठचं गाव लागतं. इथे त्याची लाकूड गिरणी होती, लाकडी बादल्यांचा कारखाना होता. इथल्या पाइनच्या फळ्या सरोवरातून शिकागोला जात. तिथली घरं लाकडाची, पदपथही लाकडाचे.

8 ऑक्टोबर 1871च्या रात्री दोन्ही गावं पेटली. शिकागोत सुमारे 300 माणसं गेली. पेश्टिगो आणि आसपास मात्र बाराशेहून अधिक. त्या वर्षी पाऊस फारच कमी झाला होता; शेतांसाठी आणि रेल्वेसाठी झाडोरा जाळून जमीन मोकळी करणं तरीही चालूच होतं. ती रेल्वे ऑग्डेन ज्या कंपनीचा पूर्वी अध्यक्ष होता, तिचीच. ओळख न पटलेले सुमारे साडेतीनशे जण इथल्या दफनभूमीत एकाच खड्ड्यात आहेत. तिथे मी बराच वेळ उभी होते. वाचले ते बहुतेक नदीत उतरलेले. फादर पर्निन यांनी चर्चमधली पवित्र प्रसादाची लाकडी पेटी नदीत ढकलली होती. शेजारच्या संग्रहालयात ती आजही बघायला मिळते.

आगीच्या वेळी ऑग्डेन बाहेरगावी होता. तो आधी शिकागोत पोहोचला. घर जळून गेलं होतं. पेश्टिगोची बातमी त्यानंतर आली आणि तो तिकडे निघाला.

पेश्टिगोच्या तारा जळाल्याने बातमीला उशीर झाला होता. तोवर विस्कॉन्सिनचे गव्हर्नर फेअरचाइल्ड मदत घेऊन शिकागोला गेले होते. राजधानी मॅडिसनमध्ये तार पोहोचली ती त्यांच्या पत्नीच्या, फ्रान्सिस यांच्या हाती. त्यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं. तरी शिकागोसाठी भरलेला रेल्वेचा डबा त्यांनी उत्तरेकडे वळवायला लावला आणि त्यात ब्लँकेटं नाहीत हे कळताच शहरातल्या बायकांकडून ती गोळा केली.