ॲरिझोनातला हिवाळा, पेन्शनीत बसणारा

ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले सोनोरन वाळवंट हा अमेरिकेतल्या निवृत्त आरव्हीवाल्यांचा हिवाळी तळ आहे. मिनेसोटा, डकोटा, मिशिगन आणि कॅनडात बर्फ पडू लागले की आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरे, दक्षिणेची वाट धरतात आणि एप्रिलात ऊन तापू लागले की परत फिरतात. या हिवाळी पाहुण्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. त्यांच्यातले पुष्कळजण साठी-सत्तरीतले आणि पेन्शनीवर भागवणारे असतात. फिनिक्सहून पश्चिमेला क्वार्ट्झसाइट, तिथून दक्षिणेला यूमा आणि मग पूर्वेला वळून ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट, एवढ्या वळशात त्यांचे सगळे अर्थकारण बघायला मिळते. आम्ही उभयतांनी जानेवारीत हा वळसा भाड्याच्या गाडीतून घेतला.

आरव्हीचे प्रकार अनेक. क्लास ए म्हणजे जवळजवळ बसच. क्लास बी म्हणजे आत संसार मांडलेली व्हॅन. क्लास सी या दोहोंच्या मधली, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. याशिवाय पिकअपमागे ओढायचे ट्रेलर. भाड्याने बहुधा क्लास सी मिळते. ज्येष्ठांनी ती घेताना डोक्यावरच्या पलंगाच्या भरवशावर राहू नये. रात्री दोनदा शिडी उतरणे गुडघ्यांना परवडत नाही, म्हणून मागच्या बाजूला जमिनीलगतचा पलंग आहे ना, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. ही गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते, शिवाय पुष्कळ कंपन्या भाड्यावर दर मैलाचा आकार वेगळा लावतात. म्हणजे रोज नवे गाव बघत हिंडणाऱ्याला आरव्ही मोटेल-मोटारीपेक्षा महागच पडते. ती स्वस्त होते ती एका जागी थांबल्यावर. स्नोबर्ड मंडळींचा सारा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

फिनिक्सच्या उपनगरांत भारतीय किराणा मिळतो, पुढे मिळत नाही. तांदूळ, तूरडाळ, पोहे आणि छोटा कुकर इथेच गाडीत चढवावा. प्रोपेन गॅसच्या शेगडीवर कुकर उत्तम चालतो. आय-१० महामार्गाने दोनशे किलोमीटर सरळ पश्चिमेला गेले की क्वार्ट्झसाइट येते.

जनगणनेप्रमाणे हे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव आहे. जानेवारीत मात्र गावाभोवतीच्या माळावर नजर पोचेल तिथवर पांढरी छपरे दिसतात. ही जमीन केंद्र सरकारची, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याची. खात्याने १९८३ पासून लांब मुक्कामासाठी काही क्षेत्रे राखून ठेवली आहेत. गावाच्या दक्षिणेचे ला पोसा हे त्यांतले सर्वांत गजबजलेले. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या परवान्याचा दर कित्येक वर्षे १८० डॉलर आणि १४ दिवसांच्या परवान्याचा ४० डॉलर राहिला आहे. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. खाजगी आरव्ही पार्कात वीज-पाण्याच्या जोडणीसह एका रात्रीला चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात, हे ध्यानात घेतले की इथल्या गर्दीचे कारण कळते. ज्यांना एवढेही द्यायचे नसतात ते परवान्याच्या क्षेत्राबाहेर, त्याच खात्याच्या मोकळ्या माळावर फुकट उतरतात. तिथे चौदा दिवसांची मर्यादा असते, त्यानंतर मुक्काम दूर हलवावा लागतो.

पैसे वाचतात त्याच्या बदल्यात काम वाढते. माळावर आखलेल्या जागा नाहीत, विजेचा खांब नाही. सपाट जागा हेरायची, चाकांखाली ठोकळे सारून गाडी समपातळीत आणायची आणि बसायचे. गाडीत तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. ला पोसात पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय परवान्यातच धरलेली आहे. पण तिथवर गाडी न्यावी लागते आणि जाडजूड नळी आपल्या हातांनी जोडावी लागते. संडासाची टाकी आधी सोडायची आणि सांडपाण्याची नंतर, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम टाळता येत नाही. ज्याला ते करवत नाही किंवा वाकून जमत नाही, त्याने जोडणी असलेला पार्कच घ्यावा. आंघोळ ओल्या पंचाने अंग पुसण्यावर येते, भांडी घासताना नळ सतत बंद करावा लागतो; पाणीकपातीत दिवस काढलेल्या मराठी माणसाला यात नवीन काही नाही. विजेसाठी बहुतेकांच्या छपरावर सौर पट्ट्या असतात. दिवसा हलक्या स्वेटरची हवा, रात्री पारा चार-पाच सेल्सियसपर्यंत उतरतो आणि हीटरचा पंखा पहाटेपर्यंत बॅटरी खाऊन टाकतो. भाड्याच्या गाडीला सौर पट्ट्या नसतील तर जनरेटर आणि त्याचे ताशी भाडे यांचाही हिशेब धरावा.

जानेवारीत इथे प्रचंड तंबूत आरव्हीच्या वस्तूंचे प्रदर्शन भरते. गावच्या दफनभूमीत उंटाची आकृती माथ्यावर असलेला एक छोटा पिरॅमिड आहे. अमेरिकन सैन्याने १८५० च्या दशकात वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले. त्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अलीचे हे थडगे. स्थानिकांनी त्याचे नाव ‘हाय जॉली’ करून टाकले. मुंबईच्या वाचकाला या नावाची गंमत वेगळी सांगायला नको.

याच माळाचे दुसरे रूप जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकाने जगापुढे आणले. क्लोई झाओ यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले. ‘स्वस्त आणि मस्त’ हा शिक्का माळावरच्या प्रत्येक गाडीला लागू नाही. हौसेने आलेली जोडपी आणि घरभाडे झेपेना म्हणून व्हॅनमध्ये राहायला आलेली एकटी म्हातारी माणसे इथे शेजारी शेजारी उतरलेली असतात. त्यांच्यातले काहीजण उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर देखरेखीची कामे धरतात: आठवड्याला ठरलेले तास काम, मोबदल्यात फुकट जागा आणि कधी थोडा पगार. सत्तरीत संडास झाडण्याला प्रवास म्हणावे का, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही.

क्वार्ट्झसाइटहून हायवे ९५ ने दक्षिणेला यूमा सव्वाशे-दीडशे किलोमीटर. वाटेत सैन्याचे चाचणी मैदान आणि शहराजवळ लेट्यूसची हिरवीगार शेते. यूमापलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत लॉस अल्गोडोनेस हे छोटेसे गाव आहे. तिथे दंतवैद्य, चष्मेवाले आणि औषधांची दुकाने यांचीच दाटी. मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, दातांचे नेहमीचे उपचार धरलेले नाहीत, म्हणून अमेरिकेच्या बाजूच्या वाहनतळावर गाडी ठेवून वृद्धांचे तांडे पायी सीमा ओलांडतात. कवळी किंवा रूट कॅनाल तिथे बऱ्याच कमी खर्चात होते. त्यात वाचलेल्या रकमेवर हिवाळा निघतो, असे सांगणारे अनेक भेटतात. परतीच्या रांगेत उन्हात उभे राहावे लागते. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवावेत.

यूमाहून आय-८ ने गिला बेंड आणि तिथून आहो गावावरून दक्षिणेला ऑर्गन पाइप. १९३७ मध्ये घोषित झालेल्या या राखीव क्षेत्रात बुंध्यापासून फुटलेल्या उंच उभ्या फांद्यांचे निवडुंग आहेत. अमेरिकेत ते असे मोठ्या संख्येने इथेच दिसतात. ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडवर २०८ जागा आहेत, जोडणी एकाही जागेला नाही. सर्वांत कामाची सवलत इथे उपयोगी पडते. वयाची ६२ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला ८० डॉलरमध्ये तहहयात ‘सीनियर पास’ मिळतो, वर्षापुरता २० डॉलरमध्ये. त्यावर राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट आणि केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर मुक्काम निम्म्या दरात. व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे आलेल्या आईवडिलांना तो मिळत नाही. पण मुलाचे पासधारक सासरे किंवा पासधारक विहीणबाई गाडीत असतील तर सगळ्यांचा प्रवेश त्या एका पासवर होतो. डोंगराला वळसा घालणाऱ्या २१ मैलांच्या आहो माउंटन ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब आरव्ही नेऊ देत नाहीत. छोटी गाडी घेतल्याचा फायदा इथे कळतो.

परतताना हायवे ८५ वर सीमा दलाचे तपासणी नाके लागते आणि नागरिकत्व विचारले जाते. कागद हाताशी असले की दोन मिनिटांत सुटका होते.

तब्येतीचा हिशेब शेवटी येतो, पण तो सर्वांत आधी करायला हवा. मूळ मेडिकेअर देशभर चालते. खाजगी विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या पुष्कळ योजना मात्र घराजवळच्या ठराविक डॉक्टरांपुरत्या असतात आणि वाळवंटात तातडीच्या उपचारापलीकडे फारशा उपयोगी पडत नाहीत. गाडी चालवणे एकालाच येत असेल तर त्याच्या आजारपणाबरोबर प्रवास थांबतो. १९७८ मध्ये सुरू झालेल्या एस्केपीज या आरव्ही क्लबने यावर टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन इथे एक तोड काढली आहे: गाडी चालवणे सुटलेले सदस्य तिथे आपल्याच आरव्हीत राहतात, आणि त्यांना जेवणखाण व देखभाल पुरवली जाते.