बारगीर

घोड्याशी आपल्या मध्यमवर्गीय माणसाचा संबंध बहुधा तीन ठिकाणी येतो : माथेरानच्या तांबड्या वाटांवर, लग्नाच्या वरातीत आणि बुद्धिबळाच्या पटावर. वरातीतला घोडा बँडच्या आवाजाने बधिर झालेला, माथेरानच्या घोड्याला वाट पाठ, आणि पटावरचा अडीच घरांपलीकडे जात नाही. तेव्हा 'मला घोड्यावर बसता येते' असे आपण म्हणतो त्याचा अर्थ एवढाच, की घोडा चालत होता आणि आपण खाली आलो नाही.

पन्नाशीपर्यंत माझीही घोडेस्वारी एवढीच होती. नोकरीने मला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ आणून ठेवले. गुरांच्या व्यापारावर वाढलेले हे शहर. डॉक्टरांनी 'मोकळ्या हवेत काहीतरी करा' म्हणून सांगितले, तेव्हा सौ.ला वाटले, आता हे सकाळचे फिरायला जातील. मी गेलो तो एका पागेत. "या वयात?" एवढेच ती म्हणाली, पण त्या दोन शब्दांत आमच्या विम्याच्या हप्त्यांपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सारे काही आले.

पागेतले शिक्षक सत्तरीचे. जन्म गुरांमागे गेलेला, बोलायला कमालीचे कंजूष. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणू लागलो. इकडच्या खोगिराला पुढे एक भक्कम खुंटी असते. नवशिक्याला वाटते, ती धरायला आहे. ती असते फास टाकून पकडलेल्या जनावराचा दोर गुंडाळायला! ही सगळी विद्या मूळची मेक्सिकोतल्या 'वाकेरो' गुराख्यांची. एक हात दोराला लागतो, म्हणून लगाम दुसऱ्या एकाच हातात. आपल्या भालाईत स्वाराचीही अडचण हीच असणार. त्यामुळे इकडे तयार घोड्याला तोंड ओढून वळवीत नाहीत. उजवीकडे जायचे तर डावा लगाम मानेला नुसता टेकवायचा. घोडा त्या स्पर्शापासून दूर, म्हणजे उजवीकडे वळतो.

हे झाले तयार घोड्याचे. मला मिळाली ती एक कुमैत घोडी, नऊ वर्षांची, लिलावातून आणलेली. पूर्वीच्या कोणीतरी लगाम इतका ओढला होता, की तिचे तोंड निबर होऊन गेले होते. ओढले की ती मान वर फेकी आणि अधिकच जोराने पुढे जाई.

अशा घोड्याचे इकडे काय होते, ते गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि रोज खातो. ज्याच्यावर पोर बसवता येते, त्याला म्हातारपणी चारा मिळतो. जो ऐकत नाही, तो या लिलावातून त्या लिलावात फिरतो. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. पण त्यानंतरही ट्रक भरभरून घोडे मेक्सिको आणि कॅनडाकडे जात राहिले. म्हणजे या घोडीला वळण लावणे हा माझा छंद असला, तरी तिच्या आयुष्याचा प्रश्न होता.

पहिला महिना मी तिच्यावर फारसा बसलोच नाही. जमिनीवर उभे राहून बरगडीपाशी दोन बोटे टेकवायची आणि थांबायचे. ती एक पाऊल सरकली, की त्याच क्षणी बोटे काढून घ्यायची. बस्स, हाच धडा! गुरुजींचे म्हणणे असे, की घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटल्यामुळे शिकतो. दाब म्हणजे प्रश्न. तो नाहीसा झाला म्हणजे उत्तर बरोबर आले. उत्तर देऊनही दाब तसाच राहिला, तर ते बिचारे जनावर दुसरे उत्तर शोधू लागते. मान फेकते, अडते, उधळते. आणि आपण म्हणतो, घोडा खोडकर आहे.

एके काळी घोडा थकून हरेपर्यंत त्याच्याशी झुंजायचे, अशीच इकडे रीत होती. टॉम डॉरन्स (१९१०–२००३) आणि त्याचा शिष्य रे हंट यांनी गावोगावच्या घोडेवाल्यांना ही दुसरी वाट दाखवली. तिच्यामागे साधे सत्य आहे. अंगावर माशी बसली तरी घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवतो. त्याला टाचेचा दणका कशाला हवा? बर्लिनच्या 'हुशार हान्स' नावाच्या घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो खुराने टकटक करून गणिते सोडवी. १९०७ साली फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले, की त्याला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलायचे, ते त्याला दिसायचे. मला तर गणितापेक्षा हीच हुशारी मोठी वाटते.

पुढे वर बसल्यावरही क्रम तोच. थांबायचे तर आधी श्वास सोडायचा आणि खोगिरात जड होऊन बसायचे; मग 'व्हो' म्हणायचे; लगाम शेवटी. वळायचे तर आधी नजर वळवायची, कारण नजरेबरोबर खांदे आणि मांड आपोआप वळतात. रोज अर्धा तास, आणि काही चांगले जमले की तिथेच थांबायचे. चौथ्या महिन्यात एका सकाळी मी नुसता श्वास सोडला, आणि दुडक्या चालीने जाणारी घोडी जागच्या जागी उभी राहिली. लगाम ढिलाच होता. मी वरून खाली पाहिले. तिचा एक कान माझ्याकडे वळलेला होता.

सहाव्या महिन्यात एक कुटुंब घोडी पाहायला आले. बरोबर बारा वर्षांची मुलगी. घोडी विकत घ्यावी, असे माझ्याही मनात येऊन गेले होते. पेशवाईत स्वतःच्या घोड्यावर बसे तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदार व्हायचा मोह कोणाला नसतो? पण माझी पन्नाशी आणि घोडीची अजून उरलेली वीसेक वर्षे यांचा हिशेब मला करता येत होता. मुलगी वर बसली. तिला कोणी काही सांगितले नव्हते. जरा भ्याली म्हणून तिने खोल श्वास घेतला आणि सोडला. घोडी थांबली.

सौदा त्याच दिवशी झाला. गाडी फाटकाबाहेर पडली, तशी मी खोगीर पुसून जागेवर ठेवू लागलो. गुरुजींनी ते माझ्या हातून काढून घेतले आणि पागेच्या टोकाला बांधलेल्या, दोराला हिसके देणाऱ्या एका पांढऱ्या घोड्याकडे बोट दाखवले.

"हा परवाच आला आहे," ते म्हणाले. "खोगीर राहू दे. दोन बोटे पुरेत."